मोटर उलटी फिरली तो हंगाम

दिवाळीचे पाहुणे परतले, की आमच्या यवतमाळात कापसाच्या गाड्या दिसू लागतात. आता बैलगाड्या नाहीत. मोठमोठे टेम्पो असतात, वर ताडपत्री, आणि ताडपत्रीच्या फटीतून निसटलेला कापूस रस्त्याकडेच्या बाभळींना लागत जातो. परवा सकाळी दारात खुर्ची टाकून बसलो होतो. समोरच्या विजेच्या तारेवर एक पांढरा पुंजका येऊन अडकला आणि वाऱ्यावर थरथरत राहिला. सून म्हणाली, "बाबा, चहा थंड झाला." झाला असेल. मी वणीला जाऊन आलो होतो.

वणीला म्हणजे आजच्या नव्हे. साठ साल मागे पडून दोन-तीन वर्षं झाली होती, गावात वीज नवी होती आणि मी बावीस वर्षांचा होतो, त्या वणीला. तेव्हा दिवाळीनंतर सगळ्या गावाला एकच वास यायचा. सरकीचा तेलकट, किंचित गोडसर वास. त्यात बैलांचा आणि कडब्याचा वास मिसळायचा. कापसाच्या कारखान्याच्या, म्हणजे जिनच्या, फाटकापासून गाड्यांची रांग लागे ती थेट नदीच्या वाटेपर्यंत. गाडीवान रांगेतच चुली मांडत, भाकरी थापत, भांडत आणि पुन्हा एकमेकांना तंबाखू देत. जिनच्या आत रुई हवेत तरंगत असे. भुवयांवर बसे, पापण्यांवर बसे. संध्याकाळी घरी जाणारा प्रत्येक माणूस म्हातारा दिसायचा. आता मी खरोखरच म्हातारा झालो आहे आणि भुवयांवरचं पांढरं काही झटकून निघत नाही.

माझी आई त्याच जिनमध्ये रेच्यावर होती. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राला आमच्याकडे रेचा म्हणतात. एका ओळीत चोवीस रेचे, प्रत्येकासमोर एक बाई, आणि बाईच्या हातून ओंजळ-ओंजळ कापूस त्याच्या तोंडात. वडील चुन्याच्या भट्टीवर होते, ते मी लहान असतानाच गेले. छप्पन साली आई नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. आली ती थेट देव्हाऱ्यापाशी गेली, देव फडक्यात बांधले आणि नदीवर पोचवून आली. परत येऊन मला म्हणाली, "आता आपल्या मांगं कोनी नाही. आता तू शीक." मी मॅट्रिकपर्यंत कसाबसा शिकलो. पुढं काय, तर विजेचं काम, हे माझं मीच ठरवलं. खरं सांगायचं तर कारण फार थोर नव्हतं. वीज कुणी शिवली म्हणून विटाळत नाही, आणि कुणाची जात पाहून कमी झटका देत नाही, हे मला फार आवडलं होतं.

ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते रामसिंग मिस्त्री. मुकुटबनच्या बाजूच्या तांड्यावरचे बंजारा. त्यांचे आजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखामुलखात फिरत. मिस्त्री नागपूरच्या एका कापडगिरणीत मोटरींवर बारा-पंधरा वर्षं काढून आले होते. अंगानं काटक, मिशी भरघोस, बोलणं मोजकं. वऱ्हाडी बोलत, पण राग आला की तांड्याच्या गोरबोलीवर घसरत. त्यामुळं त्यांच्या शिव्यांचा अर्थ मला चार वर्षांत कळला नाही. जोर मात्र कळायचा.

आजकाल पोरं विचारतात, इलेक्ट्रिशियन कसं व्हायचं? आयटीआय आहे, पुस्तकं आहेत, फळ्यावर आकृत्या आहेत. चांगलंच आहे. आमचं शाळाघर म्हणजे मिस्त्रींची पाठ. पहिले सहा महिने मी फक्त भाता मारला. मोटरीच्या पोटात साचलेली रुई भात्यानं उडवायची, एवढंच काम. कारण जिनमध्ये एक ठिणगी म्हणजे सगळ्या हंगामाची होळी. मग जळालेल्या मोटरीचं वेटोळं उकलायला शिकलो. प्रत्येक फेरा मोजत उकलायचा, वहीत मांडायचा आणि तेवढेच नव्या तारेचे घालायचे. वार्निश लावून ते वेटोळं कोळशाच्या धगीवर वाळवायचं. तो वास अजून माझ्या नाकात आहे, आणि मला तो अत्तरापेक्षा आवडतो. बेअरिंग खराब झालं का हे पाहायला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटरीला आणि लाकडी मूठ कानाला लावायची. चांगलं बेअरिंग गुणगुणतं, बिघडलेलं दात खातं. पत्र्याला हात लावायचा तर पालथा लावायचा, म्हणजे झटका बसला तर हात मागं फेकला जातो, मूठ आवळली जात नाही. आणि सगळ्यांच्या वरचा नियम असा, की तार जोडली की तपासायची. दिव्याच्या टेस्टिंगनं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मिस्त्री म्हणत, "दोऱ्याची खून पाहून जोडू नोको. खून खोटी बोलू शकते. दिवा खोटा नाही बोलत."

परवाना हवा तर नागपूरला वायरमनची परीक्षा द्यावी लागे. आणि परीक्षेला बसायचं तर परवानेवाल्या मिस्त्रीचा दाखला लागे, की या माणसानं माझ्या हाताखाली इतकी वर्षं काम केलं, याचा हात तयार आहे. माझं सगळं त्या एका सहीवर अडलं होतं. दरवर्षी होळीच्या सुमारास मी विषय काढी आणि मिस्त्री म्हणत, "पुढच्या साली पाहू. हात कच्चा हाय." त्या वर्षी मात्र दसऱ्याला ते आपण होऊन बोलले, "यंदा इंजन काढून मोटर बसवून राह्यलो. हा हंगाम नीट काढला तर होयीले सही देतो."

तर, ती मोटर. जिनमध्ये तोवर तेलाचं इंजन होतं. जिनचे मालक शेठजी, त्यांनी धीर करून मोठी मोटर आणवली. चौथऱ्यावर ती बसली तेव्हा आम्ही चार वेळा तिच्याभोवती फिरलो, जणू नवरी पाहायला आलो होतो. पण एक अडचण होती. शेठजींच्या घराण्याची रीत अशी, की खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली, की दिवाळीनंतरच्या लाभपंचमीच्या मुहूर्तापर्यंत चाक हलवायचं नाही. इंजिनाला ही रीत चालून जाई, कारण इंजिन फिरेल तर एकाच बाजूला फिरेल. तीन तारांच्या मोटरीचं तसं नाही. तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल झाली, की ती तितक्याच आनंदानं उलटी फिरते. तिला स्वतःला त्यात काही वावगं वाटत नाही.

मिस्त्रींनी चाचणी मागितली. शेठजी म्हणाले, "मुहूर्ताच्या आधी चाक हाललं तर हंगाम हालला समजा. आमच्या वडिलांपासून हे चालत आलं हाय." मिस्त्रींनी मान डोलावली, चाकावरचा पट्टा उतरवला आणि नुसती मोटर फिरवून पाहिली. शेठजी धावत आले तर मिस्त्री म्हणाले, "चाक कुठं हाललं शेठ? मोटर हालली." शेठजींना हसावं की रागवावं कळेना. मोटर बरोबर बाजूला फिरत होती. आम्ही निश्चिंत झालो.

मग रंगारी आला. मुहूर्ताला मोटर हिरवीगार हवी होती, आणि चौथऱ्याचे बोल्टही आवळायचे होते, म्हणून तारा सोडवल्या. फ्यूज काढून मिस्त्रींनी आपल्या कोटाच्या खिशात टाकले. तीन तारांच्या टोकांना मी तीन दोरे बांधले, लाल, पिवळा, निळा. मिस्त्री दिवाळीला तांड्यावर गेले. जाताना म्हणाले, "रंग वाळला का जोडून ठेव. मी पाचमीले सकायीच येतो." माझ्यावर एवढं मोठं काम पहिल्यांदाच टाकलं होतं. मी दोन दिवस छाती काढून चाललो.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी शेठाणीबाई जिनमध्ये आल्या. मोठ्या मायेची बाई. मोटरीला हळद-कुंकू वाहिलं, फुलं वाहिली. मग त्यांना दिसल्या तीन उघड्या तारा. त्यांनी विचारलं, "वीज इथूनच येनार का रे?" मी म्हटलं, "हो, बाई." लक्ष्मी येण्याची वाट ती! त्यांनी तिन्ही टोकांना तेलाचं बोट लावून, वर भरपूर हळद आणि भरपूर कुंकू लावलं. हात जोडले. मीही, देव सोडलेला माणूस, भिडेपोटी जरा वाकलो.

लाभपंचमीच्या आदल्या दुपारी मी जोडायला बसलो. निळा दोरा काळपट झाला होता, तरी ओळखू येत होता. उरलेले दोन्ही दोरे तेलात भिजून नारिंगी झाले होते. लाल दोऱ्यावर हळद, पिवळ्यावर कुंकू. मी उन्हात धरून पाहिले. एक मला जरा जास्त लाल वाटला. दिवा लावून तपासायला पाच मिनिटं लागली असती, आणि दिव्याची पिशवी माझ्या गुडघ्याजवळच होती. पण मला वाटलं, चार वर्षं झाली, आता मला दिसतं. मी जोडलं, आवळलं आणि फडक्यानं पुसून चकचकीत केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री आले. कोट काढता काढता विचारलं, "तपासलं?"

मी म्हटलं, "हो."

हा एक शब्द मी आयुष्यात इतक्या वेळा आठवला आहे, की त्याच्या कडा झिजून गेल्या आहेत.

मुहूर्ताला सगळा बाजार लोटला होता. पहिल्या गाडीच्या बैलांच्या शिंगांना झेंडूच्या माळा, रेच्यांसमोर बाया हातात कापसाची पहिली ओंजळ घेऊन बसलेल्या, त्यात सातव्या रेच्यावर माझी आई. नारळ फुटला. मिस्त्रींनी स्टार्टरचा दांडा ओढला. मोटर घुमली, लांबलचक पट्टा शहारला आणि वरचा शाफ्ट फिरू लागला. उलटा. दोन-तीन फेऱ्यांतच पट्टा चाकावरून सरकला आणि धप्पकन खाली पडून फडफडत राहिला. मिस्त्रींनी दांडा सोडला. मोटर घरघरत थांबली.

मग रेच्यावरची एक म्हातारी हळूच म्हणाली, "उलटं फिरलं वं माय." शेठजींच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं. जिनचा हिशेब पाहणारे दिवाणजी पुढं आले आणि त्यांनी विचारलं, "तारेले हात कोनाचा लागला होता?" विचारलं सगळ्यांना, पण पाहिलं माझ्याकडे.

मिस्त्रींनीही माझ्याकडे पाहिलं. ते गोरबोलीत काही बोलतील असं मला वाटलं, पण ते वाकून पडलेला पट्टा बाजूला ओढू लागले, आणि त्यामुळंच मी जास्त घाबरलो. कुंकवाची गोष्ट माझ्या जिभेवर आली होती. ती खोटी नव्हती. शेठाणीबाई समोरच उभ्या होत्या, हातात पूजेचं ताट, डोळ्यांत भीती. मी म्हटलं, "चूक माझी हाय. दोन तारा बदलल्या. मी तपासलं नव्हतं." हे मी शेठजींना सांगितलं, पण ऐकवायचं होतं मिस्त्रींना.

दिवाणजी म्हणाले, "देव सोडले त्यायच्या हातानं मुहूर्त केला, मंग दुसरं काय होनार."

मी रेच्यांकडे पाहायचं टाळलं. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "शेठ, सात मिनिटं द्या. सुदम्या, चाल. तूच जोड." सगळ्या बाजारासमोर मी तारा सोडल्या, दिवा लावून तपासल्या आणि पुन्हा जोडल्या. दुसरा नारळ फुटला, मोटर सुलटी फिरली, रेचे खडखडू लागले. पण शेठजींनी मिस्त्रींना बाजूला घेऊन सांगितलं, "हंगामभर हा पोरगा मोटरीजवळ नोको."

घरी आल्यावर मी जेवलो नाही. आईनं भाकरी ताटात तशीच ठेवली आणि समोर बसली. म्हणाली, "चूक केली?" म्हटलं, "केली." "मंग चूक म्हन. दिवाणजी म्हनते म्हून त्याले पाप म्हनू नोको. आपन पाप-पुन्याचं नदीत सोडून आलो." मग तिनं ताट माझ्याकडे सरकवलं. मी जेवलो.

तो सगळा हंगाम मी जिनच्या बाहेरून पाहिला. अंगणातले दिवे, विहिरीवरचा पंप, फाटकाजवळची घंटा, एवढंच माझ्या वाट्याला. आतून रेच्यांचा आवाज येई, आणि मी पंपाजवळ बसून तो ऐकत असे. आवाजावरून मला कळायचं, आता पट्टा सैल झाला, आता तिसऱ्या खांबाजवळचं बेअरिंग तेल मागतंय. दुपारी मिस्त्री बाहेर येऊन माझ्याजवळ बिडी ओढत. मी म्हणे, "तिसऱ्या खांबाजवळ तेल पाहा." ते बिडी टाकून आत जात. आठ दिवसांनी ते आपण होऊनच विचारू लागले, "आज काय ऐकू येते?" त्या वर्षी कापूस एवढा आला, की अंगणात डोंगर उभे राहिले आणि फाल्गुन उजाडला तरी गाड्या संपेनात. पांढऱ्या ढिगांवर संध्याकाळचं ऊन पडे तेव्हा ते फिकट गुलाबी दिसत. इतकं सुंदर काही मी नंतर पाहिलं नाही, आणि तेव्हा मला ते धड पाहवतही नव्हतं. माझा जीव आत होता, त्या हिरव्या मोटरीजवळ.

होळी आली. मी सहीचा विषय काढला नाही, कोणत्या तोंडानं काढणार? मिस्त्रींनीच एक कोरा कागद माझ्यापुढं टाकला. "माहं अक्षर खराब. तू लिही, मी सही करतो." ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. चार वर्षं काम केलं. वेटोळं बांधतो. बेअरिंग कानानं ओळखतो. मग म्हणाले, "लिही, लाभपाचमीले न तपासता तारा जोडल्या आन् मोटर उलटी फिरवली."

माझी लेखणी थांबली. "मिस्त्री, हे कायले?"

"लिही. तपासलं म्हून मले खोटं सांगतलं, हेबी लिही. आन् मंग लिही का चार लोकांत आपल्या तोंडानं चूक कबूल केली. त्याच्यानंतर तपासल्याबिगर हा एकबी तार जोडत नाही, हे मी पाह्यलं हाय." त्यांनी खाली एकेक अक्षर कोरत सही केली. "हात तयार हाय," ते म्हणाले. असं ते त्याआधी कधी म्हणाले नव्हते, आणि मी रडलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

नागपूरच्या परीक्षेत साहेबांनी तो दाखला दोनदा वाचला. चष्मा काढला, पुसला. "असा दाखला मी पहिल्यांदाच बघतो," म्हणाले. मग त्यांनी मला तासभर उभं आडवं विचारलं. पावसाळ्यात परवाना आला. मला यवतमाळच्या एका तेलगिरणीत नोकरीही लागली.

इथं गोष्ट संपली असती तर बरं, पण माणसांचं काही सांगता येत नाही. पुढच्या दिवाळीत दिवाणजी स्वतः यवतमाळला माझ्या खोलीवर आले. हातात मिठाईचा पुडा. शेठजींनी लाभपंचमीला बोलावलं होतं, आग्रहानं. मी गेलो. मिस्त्री होतेच. मोटर नव्यानं हिरवी झाली होती आणि तारा सोडलेल्या होत्या. शेठजी हात धरून म्हणाले, "सुदाम, मांगच्या साली तुह्या हातानं उलटी फिरली आन् हंगाम असा गेला का कधी पाह्यला नाही. यंदाबी पहिले उलटीच फिरव. दोन चक्कर. मंग सुलटी."

मी दिवाणजींकडे पाहिलं. ते मान डोलावून म्हणाले, "हात शकुनाचा हाय याचा."

मला हसू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदमच. म्हटलं, "दिवाणजी, मागच्या साली हाच हात अपशकुनी होता. मधल्या काळात मी त्याला फक्त साबणानं धुतलंय." रेच्यांवरच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मग मी शेठजींना सांगितलं, की मोटर सुलटीच फिरेल, आणि पट्टा उतरवून आधी चाचणी होईल. उलटी फिरवली तर रेच्यांची पाती वाकतील, पट्टा कुणाच्या अंगावर जाईल, आणि काम नीट झाल्याच्या कागदावर आता सही माझी असते.

शेठजींना नाही ऐकायची सवय नव्हती. सगळा बाजार पाहत होता. ते वळून मिस्त्रींना म्हणाले, "रामसिंग, तू सांग याले. तुह्याच हाताखालचा हाय ना?"

मिस्त्रींनी बिडी विझवली. चार वर्षं त्यांनी मला सुदम्या म्हटलं होतं, कधी अरे, कधी तेही नाही. ते दोन पावलं मागं सरकले, मोटरीपासून दूर, आणि जागा मोकळी करून दिली.

"मले कायले इचारता शेठ," ते म्हणाले. "मिस्त्री ते हायेत. त्यायले इचारा."

शेठजींनी एकदा मिस्त्रींकडे, एकदा मोटरीकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळले. "बोला मिस्त्री," म्हणाले, "कशी फिरवता?"

"सुलटी," मी म्हटलं, आणि दिव्याची पिशवी उघडली.